चातुर्मासातला कांदा

मुलीच्या परदेशातल्या गावी, नावनमध्ये, ऑक्टोबर कांद्याच्या वासाने येतो असे म्हटले, तर येथील लोक हसतील. त्यांच्या लेखी तो ओल्या पानांच्या आणि धुराड्यांच्या वासाने येतो, आणि दिवसाचा एकेक तुकडा कापून नेत नोव्हेंबरच्या स्वाधीन होतो. तेही खरेच आहे. मी सांगतो ते एका घरापुरते आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका हंगामापुरते खरे आहे. त्या हंगामात मी दर गुरुवारी तीन मोठे कांदे उभे चिरले, लोण्यात चाळीस मिनिटे परतले आणि त्यांच्या रश्श्यात गोमांसाच्या खिम्याचे पॅटिस शिजवले. तेव्हा चातुर्मास चालू होता. चातुर्मासात मी कांदा खात नाही. मांस तर जन्मात खाल्लेले नाही.

हे मी फुशारकीने लिहीत नाही, समर्थनासाठीही लिहीत नाही. यंदा पुन्हा ऑक्टोबर आला, पुन्हा मी मुलीकडे आलो, आणि काल या घरात तो वास पुन्हा उठला. म्हणून लिहितो.

मी नागपूरला वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानातला काटा खरा आहे की खोटा, एवढे पाहण्यात माझी चौतीस वर्षे गेली. आमच्या पिढीच्या निरीक्षकाचा एक अलिखित नियम होता. ज्याचा काटा तपासायचा, त्याच्या दुकानात पाणीसुद्धा प्यायचे नाही. दौऱ्यावर मी डबा जीपमध्ये बसून खात असे. ड्रायव्हर झाडाखाली जेवे, मी जीपमध्ये. हळूहळू ती सवय घरापर्यंत आली. मी आधी जेवत असे, पत्नी नंतर, स्वयंपाकघरात. तिने कधी वेगळे सुचवले नाही. किंवा सुचवले असेल आणि मी ऐकले नसेल.

चातुर्मास तिचा. कांदेनवमीला ती घरातला सगळा कांदा संपवून टाकी. सकाळी थालीपीठ, दुपारी झुणका, संध्याकाळी भजी. मग रिकामी टोपली धुऊन पालथी घाली, ती कार्तिकी एकादशी होईपर्यंत सुलटी होत नसे. ती गेल्यावर हा नियम मी चालू ठेवला. तिच्यामागे चालू ठेवण्यासारखे माझ्या हाती तेवढेच होते.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०१७ च्या सप्टेंबरात, मी प्रथम इथे आलो. माझी मुलगी मंजिरी सँडीफोर्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आधी बस, मग लुआस ट्रामची हिरवी लाईन, असा प्रवास करण्यासाठी ती सकाळी साडेसहाला घर सोडते. जावई डेक्लन त्याच सुमारास क्लोनडॉकिनला कामावर जातो. इरा, माझी नात, तेव्हा सहा वर्षांची होती आणि अडीच वाजता शाळेतून सुटत असे. या मधल्या काळात घरात दोन म्हातारे असत. मी, आणि डेक्लनचे वडील जेरी.

जेरी माझे व्याही. त्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात निकामी झाला होता आणि पाय मोजून टाकावे लागत होते, म्हणून मुलाने त्यांना आपल्या घरी, खालच्या खोलीत आणून ठेवले होते. पत्नी मॉरीन आधीच गेलेली. आयुष्यभर त्यांनी नावनच्याच एका फर्निचर कारखान्यात सुतारकाम केले. या घरातले जेवणाचे टेबल त्यांच्या हातचे आहे. ओक लाकडाचे, सहा माणसांचे, मुलाच्या लग्नाची भेट म्हणून केलेले. त्यात एकही खिळा नाही. मी वाकून पाहिले आहे.

व्याह्यांनी एकमेकांचा मान राखावा आणि अंतर राखावे, अशी आमच्याकडची रीत. अंतर मी राखले. माझे इंग्रजी शासकीय पत्रव्यवहाराचे. त्यांचे पहिल्या आठवड्यात मला निम्मेही कळत नव्हते. ते मला इन्स्पेक्टर म्हणत. मी त्यांना मिस्टर जेरी म्हणे, त्यावर ते दर वेळी मागे वळून पाहत, जणू तिसराच कोणी खोलीत आला आहे.

ते जेवत नव्हते. मंजिरी सकाळी सँडविच झाकून ठेवून जाई, संध्याकाळी ते तसेच मिळे. डेक्लन ओरडे, मंजिरी समजावी, जेरी दोघांना सांगत की सगळं ग्रँड आहे. त्या शब्दाने या देशात सर्व दारे बंद करता येतात. सदरा अंगावर लोंबू लागला. मी पाहत होतो. बोलणे माझे काम नव्हते.

एका गुरुवारी दुपारी स्वयंपाकघरात काहीतरी जड पडले. मी खाली आलो. जाड बुडाचा तवा फरशीवर पालथा होता, एक कांदा दारापर्यंत घरंगळत आला होता आणि जेरी डाव्या हाताने ओट्याची कड धरून उभे होते. कागदात बांधलेला खिमा ओट्यावर होता. कोणाकडून आणवला, ते त्यांनी सांगितले नाही. मी त्यांना खुर्चीवर बसवले. त्यांनी निकामी हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाले की गुरुवारी मॉरीन हे करायची. चाळीस वर्षे. ती गेल्यावर ते स्वतः करत होते, आणि आता एक कांदाही सोलता येत नाही.

मी कांदा उचलला. चातुर्मासात कांदा खायचा नाही, एवढाच नियम आहे. चिरण्याला बंदी नाही. तसे मी स्वतःला सांगितले.

आमच्या खात्यात काटमारी पकडण्याचा एक अनुभव असतो. कोणताही व्यापारी पहिल्याच दिवशी पाव किलो मारत नाही. तो आधी पारड्याखाली चिंचोक्याएवढे मेण लावतो. माझेही तसेच झाले. पहिल्या गुरुवारी मी फक्त कांदा चिरला. रात्री पॅटिस डेक्लनने केले आणि करपवले. दुसऱ्या गुरुवारी मी कांदा शेगडीवर परतला. त्या तव्यात नंतर काय पडणार, हा माझा प्रश्न नव्हता. तिसऱ्या गुरुवारी मी सिंकखालच्या कपाटातून, ज्याला इथे प्रेस म्हणतात, निळे रबरी हातमोजे काढले आणि खिमा भांड्यात ओतला. जेरी खुर्चीत बसून पाहत होते. त्यांनी विचारले, “इन्स्पेक्टर, घरी माहीत आहे का?”

“घरी कोणी नाही,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. “माझ्याही.”

कृती अशी. शिळ्या पावाच्या कडा दुधात भिजवून पिळून घ्यायच्या. खिम्यात त्या, एक अंडे, बारीक चिरलेला अर्धा कांदा, मिरपूड आणि वाळलेल्या थाइमची चिमूट घालून हलक्या हाताने कालवायचे, मळायचे नाही. सारखे आठ गोळे करायचे. जेरींचे माप मूठभर, चिमूटभर असे होते. मी गोळे इराच्या आईच्या केक करण्याच्या काट्यावर तोलले. सत्तर ग्रॅम, आठही. त्यावर ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मॉरीनच्या आठांत कधी दोन सारखे नव्हते, म्हणाले, आणि मोठा कोणाला मिळतो यावरून तिला कोणाचा राग आलाय ते कळे.

गोळे चपटे करून प्रत्येकाच्या मध्यभागी अंगठ्याने खळगा करायचा, म्हणजे तव्यावर ते फुगत नाहीत. दोन्ही बाजूंनी तांबूस करून काढून ठेवायचे. मग त्याच तव्यात लोणी आणि उभा चिरलेला कांदा, मंद आचेवर. येथे घाई चालत नाही. पहिली दहा मिनिटे कांदा पाणी सोडतो आणि रडवेला दिसतो. मग मऊ पडतो, मग कडेने पिवळा होतो, आणि अर्ध्या तासानंतर तो अचानक काकवीच्या रंगाला येतो. त्यावर चमचाभर पीठ भुरभुरायचे, कढत सूप ओतायचे आणि पॅटिस परत त्यात सोडून वीस मिनिटे झाकण ठेवायचे.

तो वास मला आवडत असे. हे लिहिण्यास मला दोन वर्षे लागली. खिम्याचा नव्हे, कांद्याचा. नागपूरच्या घरात कार्तिकीनंतर पहिल्यांदा टोपली सुलटी होई, त्या दिवसाचा तो वास होता. बाहेर बारीक पाऊस, खिडकीच्या काचेवर वाफ, आणि एका परक्या शेगडीपुढे मी लाकडी उलथने धरून उभा. मागे जेरी मॉरीनविषयी बोलत. तिचे सायकलवरून पडणे, तिचे चर्चमध्ये मोठ्याने चुकीचे गाणे. मी पाठमोरा असे, म्हणून त्यांना बोलता येत असावे. मीही पाठमोरा असल्यामुळे एकदा सांगून गेलो की माझी पत्नी कांदा चिरताना दाताखाली काडी धरत असे. ते म्हणाले, काडीने काही होतं का? मी म्हणालो, नाही. पण तिच्यासमोर तसे म्हणायची सोय नव्हती.

मिठाचा प्रश्न होता. मी चव घेणार नव्हतो. तेव्हा चमच्यात थोडा रस्सा घेऊन, फुंकर घालून, मी तो जेरींच्या ओठांपाशी धरी. ते डोळे मिटत. “थोडं,” म्हणत, किंवा “बास.” आठ गोळे मी ग्रॅमवर तोलले, पण मीठ किती पडले ते मला कधी कळले नाही. ते त्यांच्या जिभेवर होते.

झाकण ठेवून मी इराला शाळेतून घेऊन येई तोवर तीन वाजत. टेबलाच्या एका टोकाला ती शाळेचा अभ्यास पसरून, कुस्करलेल्या बटाट्याची वाटी घेऊन बसे. मी जेरींचे ताट वाढी. बटाटा, दोन पॅटिस, वर कांद्याचा रस्सा. पॅटिसचे तुकडे करून देई, कारण एका हाताने ते होत नसे. मग हातमोजे काढून, खांद्यावर टॉवेल टाकून, मी वर जाई आणि डोक्यावरून अंघोळ करी. सकाळची एक, ही दुसरी. कपडे बदलून, खोलीतल्या टेबलावर झाकून ठेवलेला माझा वरणभात मी जेवत असे. तासाभराने खाली येऊन ताट विसळताना दिसे की त्याच्या कडेला चरबी पांढरी गोठली आहे. मी समजलो, हा माणूस फार सावकाश जेवतो.

एकदा शाळेतून येताना इराने मला विचारले, तुमचे आणि ग्रँडॅडचे भांडण झाले आहे का. तिला मराठी समजते, उत्तर ती इथल्या इंग्रजीत देते. मी म्हणालो, नाही. मग तुम्ही वर का जेवता? मी म्हणालो, आमच्यात तसे असते. तिने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतले. मग म्हणाली की शाळेत जो वेगळा बसून डबा खातो, त्याच्याशी कोणीतरी भांडलेले असते.

कार्तिकी एकादशी झाली. त्यानंतरच्या गुरुवारी कांदा काकवीच्या रंगाला आला तेव्हा जेरींनी मला थांबवले आणि ओट्यावरची एक वाटी दाखवली. पीठ आणि सूप घालण्याआधी थोडा कांदा त्या वाटीत काढा, म्हणाले. तुमचे चार महिने परवा संपले. मंजिरीकडून त्यांनी तारीख विचारून घेतली होती आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत डाव्या हाताने वेडावाकडा गोल केला होता. मी तो गोल दहा दिवस पाहत होतो आणि तो दवाखान्याचा समजत होतो.

मी म्हणालो, तवा तोच आहे. आधी त्यात पॅटिस भाजलेले आहेत.

त्यांच्या ते लक्षात आले नव्हते. सुताराचा चेहरा मोजमाप चुकल्यावर जसा होत असेल, तसा त्यांचा झाला. वाटी त्यांनी बाजूला सारली. थोड्या वेळाने म्हणाले, “मग खाऊ नका. तुमचा भात घेऊन या खाली आणि नुसते बसा. इरा आहे सोबतीला, पण तिच्याशी गुडघेदुखीवर बोलता येत नाही.”

बसण्याविषयी माझ्याकडे नियम नव्हता. ज्या हातांनी मी ते अन्न शिजवले होते, त्या हातांना समोर बसून वरणभात खाण्याची बंदी कोणत्या शास्त्राने केली असेल, हे मी आजही सांगू शकणार नाही. नियम मी तिथल्या तिथे तयार केला.

“आमच्यात तसे चालत नाही,” मी म्हणालो.

“ग्रँड,” जेरी म्हणाले.

पुन्हा त्यांनी विचारले नाही. त्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. पुढचे सगळे गुरुवार तसेच झाले: कांदा, मॉरीन, मीठ. मी जानेवारीत परत गेलो. निघताना त्यांनी डावा हात पुढे केला, मी उजवा पुढे केला होता, आणि ते दोन हात नीट जुळले नाहीत. एप्रिलमध्ये मंजिरीचा फोन आला की जेरी झोपेत गेले. मी डेक्लनला इंग्रजीत दोन ओळींचे पत्र पाठवले. पत्रात चूक नव्हती. आणखी काही नव्हते.

परवा डेक्लन माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. उंच माणूस आहे, दारात आला की उजेड अडतो. वडिलांचे ते पॅटिस त्याने दोनदा करून पाहिले, जमले नाहीत, असे म्हणाला. आईने कुठे लिहून ठेवलेले नाही. वडिलांनी त्याला शिकवले नाही, कारण त्याने कधी विचारले नाही. हे सांगताना तो खिडकीबाहेर पाहत होता. “बाबा, तुम्हाला येतं,” तो शेवटी म्हणाला. मी हिशेब केला तेव्हा ध्यानात आले की मॉरीनची ही कृती आज जगात एकाच माणसाला येते, आणि त्याने ती कधी चाखलेली नाही.

काल रविवारी सगळे घरी होते. मी कांदे उभे चिरले. डेक्लनने शेजारी उभे राहून खिमा कालवला. मळू नको, असे मी त्याला दोनदा सांगितले. काट्याला मी हात लावला नाही. आठ गोळे लहानमोठे झाले. खळगे त्याच्या अंगठ्याचे होते. मिठाच्या वेळी त्याने विचारले, किती? मी म्हणालो, ते तुझे वडील सांगत.  मग त्याने चमच्याने रस्सा घेतला आणि डोळे मिटले. अगदी तसेच. “थोडं,” म्हणाला.

मंजिरीने स्वतःसाठी वेगळी भाजी केली होती. माझा वरणभात नेहमीप्रमाणे वर नेऊन ठेवला होता. मी ताटे वाढली, हातमोजे काढले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि जिन्याकडे निघालो. मागे डेक्लन इराला म्हणत होता की खा, निवतंय. ती खात नव्हती. आता आठ वर्षांची आहे. या वर्षीपासून तीही पॅटिस खाते. काटा ताटाशेजारी ठेवून ती हात मांडीवर घेऊन बसली होती.

पाणी थांबल्याशिवाय सुरू करायचे नसते, ती म्हणाली.

कोणते पाणी, हे तिच्या आईने विचारले. इराला आमच्या अज्ञानाचे आश्चर्य वाटले असावे. वरचे पाणी, ती म्हणाली. या घरात शॉवरचा पंप चालू झाला की तो खालच्या छतातून घुमतो. आजोबा वर गेले की ग्रँडॅड काटा उचलत नसत. डावा हात टेबलावर सपाट ठेवून ऐकत बसत. तिला बटाटा खायची मुभा होती, त्यांना नव्हती. पंप थांबला की आणखी थोडे थांबत, आजोबांचे कपडे होईपर्यंत. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला की म्हणत, “चला, इन्स्पेक्टर बसले,” आणि मग खात. तिने ते वाक्य जेरींच्या आवाजात म्हणून दाखवले. डेक्लनने मान खाली घातली.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतो. वर गेल्यावर मला कधी घाई नसे. मी सावकाश अंघोळ करी, अंग पुसून थोडा वेळ हात जोडून उभा राही, मग कपडे घाली. अर्धा तास सहज जाई. ताटाच्या कडेची पांढरी चरबी मी इतक्या गुरुवारी पाहिली, आणि वजनमापे खात्याचा निरीक्षक असून तिचा अर्थ चुकीचा लावला.

मंजिरी वर गेली आणि माझे ताट घेऊन खाली आली. तिने ते टेबलाच्या या बाजूला ठेवले, जेरी बसत त्या खुर्चीसमोर. मी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसलो. दुसरे काहीही घडले नाही. ओकच्या त्या फळीवर मी हात ठेवला. ती हाताला उबदार लागली.

इराने माझ्याकडे पाहिले, एकदा छताकडे पाहिले आणि काटा उचलला. रस्सा अजून गरम होता.